संशोधनाचे भित्तिपत्रक: पॉवरपॉइंटमधील आखणीपासून छपाईपर्यंत

कृषी संशोधनाचे निष्कर्ष शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविण्याच्या साधनांमध्ये भित्तिपत्रकाचे स्थान आजही टिकून आहे. परिसंवादातील पोस्टर सत्र, कृषी विज्ञान केंद्राचा शेतकरी मेळावा, शिवारफेरी, बाजार समितीचे आवार, शेतकरी उत्पादक कंपनीचे कार्यालय अशा अनेक ठिकाणी ते लावले जाते. तेथे समजावून सांगणारा तज्ज्ञ प्रत्येक वेळी उपस्थित असतोच असे नाही. त्यामुळे भित्तिपत्रकावर जे लिहिले आहे आणि जे वाचता येते, तेवढेच वाचकाच्या पदरात पडते.

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ही अळी बोंडाच्या आत राहून नुकसान करते. बाहेरून बोंड निरोगी दिसते. म्हणून कामगंध सापळ्यांतील पतंगांची मोजणी आणि हिरवी बोंडे फोडून केलेली पाहणी यांवरच फवारणीचा निर्णय अवलंबून असतो. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ पतंग आढळणे, किंवा १० टक्के फुले अथवा बोंडे प्रादुर्भावग्रस्त असणे, ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. हा एक आकडा वाचकाच्या लक्षात राहिला, तर अनावश्यक फवारणीचा खर्च वाचतो आणि आवश्यक फवारणी वेळेवर होते. तोच आकडा दाट मजकुराच्या चौथ्या परिच्छेदात बारीक अक्षरांत दडला, तर कष्टाने केलेल्या संशोधनाचा त्या वाचकाला काहीही उपयोग होत नाही. भित्तिपत्रकाची आखणी हा केवळ सजावटीचा विषय नसल्याचे यावरून स्पष्ट होते.

मोठे भित्तिपत्रक तयार करण्यासाठी महागडी संगणक प्रणाली लागते, असा समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक कार्यालयांत उपलब्ध असलेल्या पॉवरपॉइंटमध्ये, किंवा विनामूल्य मिळणाऱ्या लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये, हे काम उत्तम रीतीने करता येते. मात्र त्यासाठी मापे, अक्षरे, छायाचित्रे आणि छपाई यांचे काही नियम आधीच समजून घेणे आवश्यक आहे. पुढील विवेचनात गुलाबी बोंडअळीचेच भित्तिपत्रक नमुन्यादाखल घेतले आहे.

आधी संदेश, मग संगणक

संगणक सुरू करण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर तीन गोष्टी लिहून काढाव्यात: वाचक कोण आहे, त्याने वाचल्यानंतर काय करावे अशी अपेक्षा आहे, आणि त्यासाठी त्याला कोणते आकडे व कोणती चित्रे लागतील. परिसंवादातील शास्त्रज्ञाला चाचणीची पद्धत, पुनरावृत्तींची संख्या आणि क्रांतिक फरक पाहावयाचा असतो. शेतकऱ्याला कीड कशी ओळखावी, केव्हा मोजावी आणि केव्हा फवारावे हे हवे असते. या दोघांसाठी एकच भित्तिपत्रक करण्याचा प्रयत्न केला, की ते दोघांच्याही उपयोगाचे राहत नाही. एकाच संशोधनाची दोन स्वतंत्र भित्तिपत्रके करणे अधिक श्रेयस्कर ठरते.

शीर्षकात विषयाचे नाव न देता निष्कर्ष किंवा कृती द्यावी. ‘कापूस पिकातील गुलाबी बोंडअळीच्या एकात्मिक व्यवस्थापन तंत्रज्ञानाचे मूल्यमापन’ हे शीर्षक अहवालास योग्य आहे. मेळाव्यातील भित्तिपत्रकासाठी ‘गुलाबी बोंडअळी: सापळे मोजा, बोंडे फोडा, मग फवारणी ठरवा’ हे शीर्षक अधिक उपयुक्त आहे, कारण केवळ शीर्षक वाचून पुढे गेलेल्या माणसालाही कामाची गोष्ट कळते. शब्दही शेतकऱ्यांच्या वापरातील असावेत. अळी पडल्याने न उमलता मिटून राहिलेल्या फुलाला शेतकरी ‘डोमकळी’ म्हणतात. तोच शब्द मोठ्या अक्षरांत आणि छायाचित्रासह द्यावा.

एकूण मजकूर ३०० ते ३५० शब्दांपेक्षा अधिक नसावा. प्रस्तावना, साहित्याचे सर्वेक्षण आणि आभार यांना शेतकऱ्यांच्या भित्तिपत्रकात स्थान देण्याची गरज नाही. शास्त्रीय भित्तिपत्रकातही ते दोन-तीन ओळींत आटोपावे.

मापाचे गणित

परिसंवादासाठी भित्तिपत्रक करावयाचे असल्यास आयोजकांनी दिलेले माप आणि त्याची दिशा, म्हणजे उभे की आडवे, प्रथम पाहावी. आडव्या फलकाची जागा असताना उभे भित्तिपत्रक नेल्यास त्याचा खालचा भाग लोंबकळत राहतो. सर्वसाधारणपणे ए-० हे माप प्रचलित आहे. त्याची लांबी ११८.९ सेंमी व रुंदी ८४.१ सेंमी असून क्षेत्रफळ एक चौरस मीटर भरते. ए-१ हे त्याच्या निम्म्या क्षेत्रफळाचे, म्हणजे ८४.१ × ५९.४ सेंमीचे असते. या मालिकेतील सर्व कागदांचे लांबी-रुंदीचे प्रमाण एकच असल्यामुळे ए-० चे भित्तिपत्रक ए-१ किंवा ए-४ वर छापले तरी त्याची मांडणी बिघडत नाही.

मेळाव्यांत मात्र फुटांत मोजले जाणारे फ्लेक्स अधिक वापरात आहेत. येथे पॉवरपॉइंटची एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. या प्रणालीत स्लाइडची कोणतीही बाजू ५६ इंचांपेक्षा, म्हणजे १४२.२४ सेंमीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. ए-० या मर्यादेत बसते. परंतु ६ × ४ फुटांचा फ्लेक्स, म्हणजे ७२ × ४८ इंच, त्यात बसत नाही. अशा वेळी स्लाइड निम्म्या मापाची, ३६ × २४ इंचांची, घ्यावी आणि छपाई करणाऱ्यास ‘२०० टक्के’ अशी लेखी सूचना द्यावी. निम्म्या मापावर काम करताना स्लाइडवरील प्रत्येक अक्षर छपाईत दुप्पट मोठे होते, हे ध्यानात ठेवूनच अक्षरांचा आकार निवडावा.

पॉवरपॉइंटमध्ये पानाची तयारी

माप ठरल्यावर पुढील क्रमाने पान तयार करावे.

१. ‘डिझाइन’ या विभागातील ‘स्लाइड साइज’मधून ‘कस्टम स्लाइड साइज’ निवडावे आणि रुंदी व उंची भरावी. उभ्या ए-० साठी रुंदी ८४.१ व उंची ११८.९ सेंमी भरावी. हे काम मजकूर टाकण्यापूर्वीच करावे. नंतर माप बदलल्यास अक्षरे आणि चित्रे यांचे आकार बदलतात व सर्व मांडणी पुन्हा करावी लागते.

२. ‘ब्लँक’ ही कोरी मांडणी घ्यावी. तयार मांडण्या पडद्यावरील सादरीकरणासाठी असतात. मोठ्या पानावर त्या अडचणीच्या ठरतात.

३. ‘व्ह्यू’ विभागातून मार्गदर्शक रेषा सुरू कराव्यात. या रेषा छपाईत येत नाहीत. चारही बाजूंना किमान ३ सेंमी समास सोडावा. ए-० च्या उभ्या पानावर दोन्हीकडील समास वगळता ७८.१ सेंमी रुंदी उरते. मध्ये ३ सेंमी अंतर ठेवून तिचे दोन स्तंभ केले, तर प्रत्येक स्तंभ सुमारे ३७.५ सेंमीचा होतो. उभ्या पानास दोन आणि आडव्या पानास तीन स्तंभ वाचनास सोयीचे असतात.

४. प्रत्येक विभागासाठी स्वतंत्र मजकूर-चौकट घ्यावी. चौकटीत मजकूर जास्त झाल्यास अक्षरांचा आकार आपोआप कमी करण्याची सोय या प्रणालीत आहे. ती ‘डू नॉट ऑटोफिट’ निवडून बंद करावी. अन्यथा नकळत एका विभागातील अक्षरे लहान होतात आणि ही बाब छपाईनंतरच ध्यानात येते.

५. चौकटी हाताने ओढून जुळविण्याऐवजी ‘अलाइन’ या सोयीने एका रेषेत आणाव्यात. मोठ्या पानावर चौकटींतील अर्ध्या सेंटिमीटरचा फरकही डोळ्यांना खटकतो.

अक्षरे: टंक आणि आकार

मराठी भित्तिपत्रकात सर्वाधिक चुका अक्षरांच्या बाबतीत होतात. अनेक कार्यालयांत अजूनही युनिकोडपूर्व काळातील टंक वापरले जातात. ज्या संगणकावर तो टंक नाही, तेथे ती फाइल उघडल्यास मराठीऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. विंडोजमध्ये असलेले मंगल किंवा निर्मला, आणि विनामूल्य उपलब्ध असलेले नोटो सॅन्स देवनागरी, मुक्ता, हिंद हे टंक भित्तिपत्रकासाठी चालतात. एका भित्तिपत्रकात दोनपेक्षा अधिक टंक वापरू नयेत.

टंक निवडताना मराठीची काही अक्षरे तपासून घ्यावीत. ‘शेतकऱ्यांनी’, ‘वाऱ्याचा’, ‘दुसऱ्या’ यांतील ऱ्य, तसेच ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ट्ट’, ‘द्ध’ ही जोडाक्षरे नीट उमटतात की नाही, हे मोठ्या आकारात पाहावे. ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे आणि हिंदी वळणे वेगळी आहेत. मराठी वाचकासाठी मराठी वळणाचा टंक उपलब्ध असल्यास तोच घ्यावा.

अक्षरांचा आकार ठरविण्याचा एक कामचलाऊ नियम आहे: जितक्या अंतरावरून वाचावयाचे, त्या अंतराच्या सुमारे दोनशेव्या भागाइतकी अक्षराची उंची असावी. येथे उंची म्हणजे शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतचे अंतर. संगणकातील पॉइंटचा आकडा म्हणजे ही उंची नव्हे. एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग. पण त्या आकड्यात वरच्या वेलांट्या व मात्रा आणि खालचे उकार यांची जागाही धरलेली असते. मूळ अक्षराच्या वाट्याला त्याचा साधारण ६० टक्के भाग येतो असे धरल्यास पुढील हिशेब निघतो.

• शीर्षक, ५ मीटरवरून वाचण्यासाठी: अक्षराची उंची २५ मिमी, आकार सुमारे १२० पॉइंट.
• विभागांची उपशीर्षके, ३ मीटरवरून वाचण्यासाठी: उंची १५ मिमी, आकार सुमारे ७२ पॉइंट.
• मुख्य मजकूर, दीड मीटरवरून वाचण्यासाठी: उंची साडेसात मिमी, आकार सुमारे ३६ पॉइंट.
• चित्रांखालील ओळी, १ मीटरवरून वाचण्यासाठी: उंची ५ मिमी, आकार सुमारे २४ पॉइंट.

हे आकार प्रत्यक्ष छपाईतील आहेत. निम्म्या मापावर आखणी असल्यास स्लाइडवर ते अनुक्रमे ६०, ३६, १८ आणि १२ पॉइंट ठेवावेत. टंकानुसार अक्षराची उंची थोडी बदलते. त्यामुळे एक ओळ छापून पट्टीने मोजून घ्यावी. ओळींमधील अंतर मूळ अंतराच्या १.१ ते १.३ पट असावे, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीस भिडत नाही. इंग्रजी मजकुराप्रमाणे तिरपी अक्षरे देवनागरीत वापरू नयेत. भर देण्यासाठी ठळक अक्षरे पुरेशी आहेत.

आकडे आणि मात्रा

कृषी भित्तिपत्रकातील सर्वांत जोखमीचा भाग म्हणजे आकडे. देवनागरीतील १ आणि ९ हे अंक दुरून सारखे भासतात. दशांशचिन्ह छपाईत पुसट झाले, तर ‘१.५ मिली’ हे ‘१५ मिली’ असे वाचले जाते आणि कीटकनाशकाची मात्रा दहापट होते. त्यामुळे पीक करपणे, फवारणी करणाऱ्याच्या आरोग्यास धोका पोहोचणे असे गंभीर परिणाम संभवतात. म्हणून मात्रा मुख्य मजकुरापेक्षा मोठ्या व ठळक अक्षरांत द्यावी, आकडा आणि एकक यांच्यामध्ये जागा सोडावी आणि तीच मात्रा शब्दांतही लिहावी, उदाहरणार्थ, ‘१.५ मिली (दीड मिली) प्रति लिटर पाणी’. आकडा एका ओळीच्या शेवटी आणि एकक दुसऱ्या ओळीच्या आरंभी जाणार नाही, याकडेही लक्ष द्यावे.

एककांबाबत एकवाक्यता हवी. काही मात्रा प्रति लिटर आणि काही प्रति १० लिटर पाणी अशा दिल्यास वाचकाचा गोंधळ होतो. शास्त्रीय लेखनात हेक्टर हे एकक असले, तरी अनेक शेतकरी एकरात विचार करतात. एक हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर. हेक्टरी ५ कामगंध सापळ्यांची शिफारस ‘एकरी २ सापळे’ अशी लिहिली, तर ती त्वरित समजते. फवारणीच्या शिफारशी अधिकृत स्रोताशी ताडून पाहाव्यात आणि त्या कोणत्या हंगामासाठी आहेत ते भित्तिपत्रकाच्या तळाशी नोंदवावे. शिफारस बदलल्यानंतरही जुने भित्तिपत्रक भिंतीवर तसेच राहण्याची शक्यता असते. हंगाम व वर्ष लिहिलेले असल्यास ते कालबाह्य झाल्याचे कळते.

छायाचित्रे

पडद्यावर स्पष्ट दिसणारे छायाचित्र छपाईत धूसर निघण्याचे कारण त्यातील बिंदूंच्या, म्हणजेच पिक्सेलच्या, संख्येत असते. दीड मीटरवरून पाहिल्या जाणाऱ्या भित्तिपत्रकासाठी छापील मापाच्या प्रत्येक इंचास १५० पिक्सेल पुरेसे असतात. जवळून न्याहाळण्याच्या सूक्ष्म चित्रांसाठी ३०० असावेत. हिशेब सोपा आहे: छायाचित्राची रुंदी पिक्सेलमध्ये घेऊन तिला १५० ने भागले, की ते किती इंच रुंद छापता येईल हे मिळते.

बारा मेगापिक्सेलच्या मोबाइल कॅमेऱ्यातील छायाचित्र ४,००० × ३,००० पिक्सेलचे असते. ते २६ इंचांपर्यंत, म्हणजे सुमारे ६७ सेंमी रुंदीपर्यंत, चांगले छापता येते. तेच छायाचित्र व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठविले, की आकुंचित होते. आकुंचनानंतर त्याची लांब बाजू १,६०० पिक्सेल उरली, तर ते साडेदहा इंचांच्या, म्हणजे २७ सेंमीच्या, पुढे नेता येत नाही; ३७.५ सेंमीच्या स्तंभासाठी ते अपुरे पडते. म्हणून शेतावरून छायाचित्रे मागविताना ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ईमेलने मूळ स्वरूपात पाठविण्यास सांगावे. संकेतस्थळांवरून उतरविलेली छायाचित्रे बहुधा लहान असतात. शिवाय त्यांचे हक्क इतरांकडे असतात.

पॉवरपॉइंट स्वतःही फाइल जतन करताना छायाचित्रे आकुंचित करते. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘ॲडव्हान्स्ड’ या क्रमाने जाऊन ‘इमेज साइज अँड क्वालिटी’ या भागातील ‘डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल’ हा पर्याय छायाचित्रे टाकण्यापूर्वीच निवडावा. छायाचित्राचा आकार बदलताना नेहमी कोपऱ्यातून ओढावे. बाजूने ओढल्यास प्रमाण बिघडते आणि सडपातळ अळी जाडजूड दिसते. कीड ओळखण्यासाठीच जे चित्र दिले आहे, त्यात असा विपर्यास घातक ठरतो. अळी, पतंग आणि अंडी यांच्या चित्रांत मोजपट्टी द्यावी. शेतकऱ्याचे छायाचित्र वापरावयाचे असल्यास त्याची संमती घ्यावी.

आलेख आणि तक्ते

अहवालातील तक्ता जसाच्या तसा भित्तिपत्रकावर उतरविण्याचा मोह टाळावा. आठ स्तंभांचा तक्ता उभ्याने वाचण्याची तयारी फार थोड्यांची असते. ज्या दोन किंवा तीन आकड्यांवर निष्कर्ष उभा आहे, त्यांचा स्तंभालेख करावा. आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू करावा. अन्यथा अल्पसा फरकही प्रचंड भासतो आणि वाचकाची दिशाभूल होते. रंगांची सूची बाजूला देण्यापेक्षा प्रत्येक स्तंभावरच त्याचे नाव व आकडा लिहावा.

आलेख पडद्याचे छायाचित्र काढून चिकटवू नये. एक्सेलमधील आलेख मूळ स्वरूपात आणल्यास तो कितीही मोठा केला तरी रेषा व अक्षरे धारदार राहतात. मात्र आलेखातील अक्षरांचा आकार वेगळा वाढवावा लागतो. बहुतेक भित्तिपत्रकांत सर्वांत बारीक अक्षरे आलेखाच्या अक्षांवरच आढळतात. शास्त्रीय वाचकांसाठी आलेखाखाली क्रांतिक फरक आणि पुनरावृत्तींची संख्या द्यावी. शेतकऱ्यांसाठी उत्पादनाबरोबर खर्च आणि निव्वळ उत्पन्न द्यावे. केवळ उत्पादनवाढीच्या आकड्यावरून तंत्रज्ञान परवडते की नाही, हे ठरविता येत नाही. किती शेतकऱ्यांच्या शेतावर आणि किती हंगामांत हे निष्कर्ष मिळाले, तेही एका ओळीत नोंदवावे.

रंगसंगती

पॉवरपॉइंट लाल, हिरवा व निळा या प्रकाशरंगांच्या पद्धतीने काम करते, तर छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या व काळ्या शाईंच्या मिश्रणाने होते. पडद्यावरील झळाळता हिरवा किंवा गडद निळा रंग शाईत त्याच तेजाने उतरत नाही. पानांवरील पिवळेपणा, तांबेरा किंवा अन्नद्रव्यांच्या कमतरतेची लक्षणे दाखविणाऱ्या चित्रांत हा फरक निदानच बदलू शकतो. म्हणून अशा चित्रांचा लहान नमुना प्रत्यक्ष त्याच यंत्रावर छापून पाहावा आणि लक्षण शब्दांतही वर्णन करावे.

मजकुरासाठी पांढऱ्या किंवा अतिशय फिकट पार्श्वभूमीवर काळी अथवा गडद अक्षरे हीच सर्वोत्तम संगती आहे. पिकाच्या छायाचित्रावर थेट मजकूर लिहू नये. लाल व हिरवा यांतील भेद काही व्यक्तींना ओळखता येत नाही. त्यामुळे ‘हिरवे म्हणजे सुरक्षित, लाल म्हणजे धोका’ एवढ्या रंगभेदावर विसंबून न राहता जोडीला शब्द किंवा चिन्ह द्यावे.

पीडीएफ आणि नमुना छपाई

छपाई करणाऱ्याकडे पॉवरपॉइंटची मूळ फाइल पाठवू नये. तेथील संगणकावर तो टंक नसल्यास दुसरा टंक लागतो, ओळी सरकतात आणि जोडाक्षरे तुटतात. ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ निवडावे आणि छपाईसाठी असलेला ‘स्टँडर्ड’ हा पर्याय घ्यावा. ‘मिनिमम साइज’ घेऊ नये. तयार झालेली पीडीएफ दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून तिचे माप तपासावे. नंतर ती १०० टक्के आकारात ठेवून वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत सरकवीत संपूर्ण वाचावी.

यानंतरची कसोटी अत्यंत सोपी असून तिला एका कागदाचाच खर्च येतो. ए-० चे भित्तिपत्रक ए-४ कागदावर छापले, की त्याची प्रत्येक बाजू एक-चतुर्थांश होते. हा कागद अर्ध्या मीटरवर धरून वाचणे म्हणजे मूळ भित्तिपत्रक २ मीटरवरून वाचण्यासारखेच आहे. जे शब्द या कागदावर वाचता येत नाहीत, ते मेळाव्यातही दुरून वाचता येणार नाहीत. हा कागद विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्या शेतकऱ्यास दाखवावा आणि ‘यात काय करायला सांगितले आहे?’ एवढेच विचारावे. उत्तर अपेक्षेप्रमाणे आले नाही, तर दोष मांडणीचा मानून ती सुधारावी. त्याचप्रमाणे मात्रा, तारखा आणि नावे यांची तपासणी मजकूर न लिहिलेल्या व्यक्तीकडून करून घ्यावी; लिहिणाऱ्याच्या नजरेतून स्वतःची चूक सहज निसटते.

क्यूआर कोड दिला असल्यास त्याचे माप, ज्या अंतरावरून तो टिपावयाचा आहे त्याच्या सुमारे एक-दशांश असावे. एक मीटरवरून टिपण्यासाठी तो १० सेंमीचा हवा. छापील नमुन्यावर दोन वेगवेगळ्या मोबाइलने तो तपासावा. अत्यावश्यक माहिती मात्र केवळ क्यूआर कोडच्या मागे ठेवू नये, कारण प्रत्येक वाचकाकडे त्या क्षणी इंटरनेट असेलच असे नाही.

छपाईचे माध्यम

सभागृहातील परिसंवादासाठी मॅट कागद योग्य असतो. चकचकीत कागदावर दिव्यांचा प्रकाश परावर्तित होऊन मजकूर दिसेनासा होतो. मोठ्या छपाईयंत्रांत ३६ इंच रुंदीची गुंडाळी प्रचलित असून तिच्यावर ए-० ची ८४.१ सेंमी रुंदी व्यवस्थित बसते. प्रवासात न्यावयाचे भित्तिपत्रक कापडावर छापल्यास घडी करून पिशवीत ठेवता येते. कार्यालयात वर्षभर राहावयाचे असल्यास कडक फोमच्या फलकावर चिकटवून घ्यावे.

उघड्यावरील मेळाव्यात फ्लेक्स टिकतो, परंतु त्यावरील छपाई तुलनेने भरड असते. त्यामुळे बारीक अक्षरे फुटतात. फ्लेक्ससाठी मजकूर आणखी कमी आणि अक्षरे आणखी मोठी ठेवावीत. कडेला दोरीसाठी कड्या ठोकल्या जातात. कोपऱ्यांत बोधचिन्हे किंवा मजकूर असल्यास त्यांतूनच छिद्र पडते, म्हणून तेथे मोकळी जागा राखावी. देशात १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा कमी जाडीच्या प्लास्टिक व पीव्हीसी बॅनरवर बंदी आहे, हेही छपाईचा आदेश देताना लक्षात ठेवावे. एका दिवसाच्या कार्यक्रमासाठी शक्यतो कापड किंवा कागद वापरावा.

छपाईच्या आदेशात अंतिम माप, दिशा, माध्यम आणि ‘मूळ मापात, १०० टक्के’ किंवा ‘२०० टक्के’ या गोष्टी लेखी द्याव्यात. केवळ तोंडी सूचना दिल्यास ‘पानात बसवा’ हा यंत्रावरील पर्याय वापरला जाऊन समास व आकार बदलण्याचा संभव असतो.

इतर भाषांसाठी तयारी

कपाशीचा पट्टा महाराष्ट्रापुरता मर्यादित नाही. गुजरात, तेलंगणा, मध्य प्रदेश आदी राज्यांतही गुलाबी बोंडअळीची समस्या आहे. बऱ्हाणपूर, आदिलाबाद यांसारख्या सीमेवरील भागांत मराठी वाचणारे शेतकरीही आहेत आणि शेजारच्या गावात हिंदी किंवा तेलुगू वाचणारेही आहेत. त्यामुळे एकाच भित्तिपत्रकाच्या अनेक भाषांतील आवृत्त्या काढण्याची गरज वारंवार पडते. यासाठी मजकूर चित्रात मिसळून टाकू नये. तो नेहमी स्वतंत्र चौकटीत ठेवावा. भाषांतरात ओळी लांबतात, म्हणून प्रत्येक चौकटीत थोडी जागा रिकामी ठेवावी. मूळ फाइल, वापरलेले टंक, पूर्ण आकाराची छायाचित्रे आणि आलेखांची एक्सेल फाइल एकाच ठिकाणी जतन करावी. पुढील हंगामात शिफारस बदलली, तर नवे भित्तिपत्रक तासाभरात तयार होते.

छपाईस देण्यापूर्वीची पडताळणी

• शीर्षक वाचून करावयाची कृती किंवा निष्कर्ष कळतो.
• स्लाइडचे माप आणि छपाईचे माप यांचे प्रमाण लेखी नोंदविले आहे.
• मुख्य मजकूर छपाईत ३६ पॉइंटपेक्षा लहान नाही.
• प्रत्येक छायाचित्रास छापील मापाच्या दर इंचास किमान १५० पिक्सेल आहेत.
• मात्रा अंकांत आणि शब्दांत दिल्या असून दुसऱ्या व्यक्तीने तपासल्या आहेत.
• पीडीएफमध्ये जोडाक्षरे अखंड आहेत.
• ए-४ नमुना अर्ध्या मीटरवरून वाचता येतो.
• हंगाम, वर्ष, संस्थेचे नाव व संपर्क यांची नोंद आहे.

प्रयोगशाळेत व शेतावर अनेक हंगाम घालवून मिळविलेला निष्कर्ष अखेरीस एखाद्या भिंतीवर एक चौरस मीटर जागेत मांडला जातो आणि त्यासमोर वाचक फार थोडा वेळ थांबतो. तेवढ्या वेळात सापळ्यातील पतंग केव्हा मोजावेत आणि फवारणी केव्हा करावी हे त्याला समजले, तर त्या भित्तिपत्रकावर खर्च झालेला वेळ व पैसा सत्कारणी लागला असे म्हणता येईल. वरील पडताळणीस लागणारा अर्धा तास छपाईपूर्वीच काढणे, म्हणूनच, पुन्हा छपाई करण्यापेक्षा केव्हाही स्वस्त पडते.